पहिली बादली जावयाला

४ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा तुझ्याकडून निघाले ती सुखरूप पोचले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सगळी वाट स्वतःच्या गुडघ्यांची कर्मकहाणी ऐकवली. मीही मान डोलावत राहिले, कारण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून तू फाटकाशी उभा होतास, ते काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

जन्मभर बंदरात क्रेन चालवलीस. ती एवढाली शिडी रोज चढलास, उतरलास, कधी पाय घसरला नाही. आणि आता स्वयंपाकघराच्या चार पायऱ्यांनी तुला पाडलं. तू ते हसण्यावारी नेलंस. मी नेणार नाही. पोस्टमन माझं पत्र घेऊन मागच्या दाराने आला म्हणून कळलं तरी. त्या दिवशी मी पत्र टाकलं नसतं तर तू तिथे किती वेळ पडून राहिला असतास, हा हिशेब मला करवत नाही.

वहिनीला जाऊन वर्ष होईल. एवढ्या अवधीत त्या घराची काय दशा झाली आहे ते मी बघून आले. पडद्यांना धुळीचा वास येतो, फ्रीजमध्ये एक लिंबू आणि टॉर्चचे सेल. आणि मागची झुडपं! फळांनी लगडली होती म्हणे, पण तू एकही तोडलं नाहीस, सगळं पाखरांनी नेलं. माझ्या लग्नापासून या घरी दर सप्टेंबरात वहिनीची आंबुटकीच्या जेलीची बरणी येत आली. यंदा आली नाही. कपाटातली तिची जागा मी रिकामीच ठेवली आहे.

म्हणून आता मुद्द्याचं. तू इकडे राहायला ये. दुकानाच्या वरच्या मजल्यावरची मागची खोली यांच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वजनकाट्यांनी भरलेली असायची. यांनी आपणहून सगळे काटे खाली आणले आणि खोली धुऊन घेतली. चाळीस वर्षांत मी जे काम करून घेऊ शकले नाही ते तुझ्यासाठी एका दिवसात झालं. बोलले अर्थातच काही नाहीत. खिडकी पूर्वेला आहे. समुद्र दिसत नाही, पण समोरच्या बेकरीचं धुराडं दिसतं.

हट्ट करू नकोस. उत्तर लगेच पाठव, आणि माझ्यावरची माया हात मोडला म्हणून मोडू देऊ नकोस.

तुझी,
ठमी


१५ ऑक्टोबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर वाचता आलं नाही तर समजून घे की मी तुझं म्हणणं मान्य केलेलं नाही.

तुझ्या नवऱ्याने खोली रिकामी केली हे वाचून मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. या गृहस्थाला मी चाळीस वर्षं ओळखतो. पहिल्यांदा आपल्या घरी आला तेव्हा चार दिवस मागच्या अंगणात आंबुटकीखाली खुर्ची टाकून बसला होता. चहा दिला की प्यायचा, कप परत करायचा, आणि पुन्हा समोर बघत बसायचा. मी तेव्हाच म्हणालो होतो की हा माणूस आणि हे झुडूप एका जातीचे दिसतात, दोघांनाही आधी पाणी द्यायचं आणि दोघांकडून काही मिळायचं नाही. कारण रांगेतलं नेमकं तेच एक झुडूप कधी फळत नसे. तेव्हा तुझ्या वहिनीने त्या झुडपाचं नाव जावई ठेवलं, आणि रोजची पहिली बादली जावयाला, हा नियम शेवटपर्यंत पाळला. मी थट्टा केली की म्हणायची, जावयाला हात लावायचा नाही.

परवा समुद्राच्या बांधावर फिरायला आलेल्या एका पोरसवदा इंजिनियराने मला विचारलं की तुमच्या कुंपणाला हे कसलं रुपेरी झुडूप आहे. मी त्याला सांगितलं की बाबा, हा बांध घालताना तुम्ही किनाराभर जे खरवडून काढलंत तेच हे. आता एवढी आमचीच रांग उरली आहे. वाळूत वाढतं, खारा वारा खातं, काटे बोटभर, फळ वाटाण्याएवढं नारिंगी. घरात आम्ही आंबुटकी म्हणतो, पुस्तकात काय म्हणतात ते पुस्तकवाले जाणोत. आत काट्यांत पाखरांच्या नजरेतून सुटलेलं एक फळ होतं, ते दिलं. त्याचा एक डोळा मिटला तो माझं बोलणं संपेपर्यंत उघडला नाही.

आता तुझा मुद्दा. माझ्याच्याने घर सांभाळवत नाही असं तुला वाटतं. ठीक. आपल्या घरातल्या भांडणाचा निकाल आपण लहानपणापासून जसा लावत आलो तसा लावू. पैज. पुढच्या सप्टेंबरात मी याच झुडपांची फळं तोडून, स्वतःच्या हाताने जेली करून, तुझ्या कपाटात बसणारी ती मोठी बरणी गळ्यापर्यंत भरून पाठवली, तर मी इथेच राहणार आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. नाही जमलं तर मी हरलो. नियम जुनाच. हरलेल्याने जिंकलेल्याचं ऐकायचं, आणि तोंड वाकडं न करता ऐकायचं. पोहण्याच्या पैजेत हरून मी शाळाभर तुझं दप्तर वाहिलं होतं हे तू विसरली असशील, माझा खांदा विसरलेला नाही.

त्या मौनीबाबांना नमस्कार सांग. लोभ आहेच, त्याला वेगळं पाणी घालायला नको.

तुझा,
दादा


२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पैज कबूल. एवढ्या सहज कबूल केली म्हणून तू चपापला असशील. पण मला तुझा स्वयंपाक ठाऊक आहे. वहिनी माहेरी गेली होती तेव्हा तू अंडी उकडायला ठेवून बंदरावर निघून गेला होतास आणि भांड्याला भोक पडलं होतं. ते भांडं अजून माझ्याकडे आहे, मी त्यात बटणं ठेवते.

अटी मात्र माझ्याही आहेत. पायऱ्यांना कठडा बसवून घ्यायचा. आठवड्याला एक पत्र टाकायचं, मग त्यात फक्त हवा कशी आहे एवढंच असलं तरी चालेल. आणि बाजारातली जेली आणून बरणीत ओतलीस तर मला कळेल. वहिनीच्या जेलीने दात आंबायचे, बाजारातल्या जेलीने फक्त बोटं चिकटतात.

दुकानात कामाचा डोंगर आहे. शेजारच्या दवाखान्याने सगळ्या नर्सचे गणवेश माझ्याकडे दिले आहेत. पांढरं कापड, त्यामुळे जीव मुठीत धरून शिवते. बाल्कनीतली आंबुटकीची कुंडी तर माझ्या जिवावर उठली आहे. वहिनीने आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी दिलेली. जावयाच्याच मुळातून फुटलेला कोंब उपटून तिने कुंडीत लावला आणि जावयाकडे जावई म्हणून यांच्या हातात ठेवला. तेव्हापासून कुंड्या बदलल्या, झुडूप तेच. आजवर एक फळ देईल तर शपथ. काटे मात्र भरभरून. मी टाकून देईन म्हणते, हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात आणि पाणी घालतात.

यांना पैजेचं सांगितलं. यांनी चष्मा पुसला. हे तुझ्या बाजूचे की माझ्या, ते त्यावरून मला कळलं नाही.

हाताला जप. पैज लावली म्हणून जिव्हाळा कमी करू नकोस, तो पैजेत धरलेला नाही.

तुझी,
ठमी


१० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आठवड्याच्या चिठ्ठ्यांत नुसती हवाच लिहीत आलो, आज सविस्तर लिहितो. हात आता पूर्ण बरा आहे. पुरावा म्हणून हे अक्षर बघ. कठडाही बसवला. सुताराने तो इतका मजबूत केला आहे की घर पडलं तरी कठडा उभा राहील.

गेले काही महिने मी डोळ्यांत तेल घालून झुडपांच्या मागे आहे. वाळलेल्या फांद्या काढल्या, बुंध्याशी शेवाळ आणि शेणखत टाकलं. जेलीची रंगीत तालीम म्हणून सफरचंदांवर हात साफ करून घेतला. पहिल्या खेपेला काच झाली, दुसऱ्या खेपेला सरबत. तिसरी खेप शेजारणीने खाल्ली आणि चांगली आहे म्हणाली. ती भिडस्त बाई आहे, तरी मी ते खरं मानून चाललो आहे.

आणि एक मोठं काम उरकलं. जावयाला काढलं. एवढी वर्षं तो रांगेच्या तोंडाशी, वाऱ्याच्या बाजूला, सगळ्यात मोक्याची जागा अडवून बसला होता. इतरांच्या वाटणीचं ऊन खायचा, पाणी प्यायचा, आणि फळाच्या नावाने शून्य. पैज जिंकायची तर असल्या फुकट्याला पोसून भागणार नाही. तुझ्या वहिनीचा शब्द मोडताना जरा जड गेलं, पण तिची बरणी पुरी करायची तर तिनेही हरकत घेतली नसती, अशी मी माझी समजूत घातली.

काम कसं केलं ते ऐक, कारण ऐकण्यासारखं आहे. लोक झुडूप तोडतात आणि मुळं तशीच ठेवतात, मग वर्षभरात पुन्हा कोंब. मी तीन वासे वर एकत्र बांधले, साखळी-कप्पी लावली, भोवतीची वाळू हाताने उकरली आणि बंदरात माल उचलायचो तसा हळूहळू वर घेतला. मुळांचा सगळा पसारा अखंड बाहेर आला. लांब गेलेल्या मुळ्याही मागोमाग ओढून काढल्या. खाली एक धागा राहिला नाही. बांधावर चार माणसं बघायला जमली होती. इतक्या दिवसांनी पुन्हा काहीतरी नीट उचललं, खूप बरं वाटलं. त्याच्या लाकडावर आता माझं बंबाचं पाणी तापतं, म्हणजे अखेरीला तो कामाला आला.

तुझ्या नवऱ्याला सांग, मनाला लावून घेऊ नका म्हणावं. आणि बरणीसाठी कपाट पुसून ठेव.

तुमच्यावरचा लोभ मुळासकट शाबूत आहे.

तुझा,
दादा


१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जेवताना यांना वाचून दाखवलं. जावयाला काढलं इथवर आले तेव्हा यांनी हातातला घास खाली ठेवला. मग उठून बाल्कनीत गेले. मला वाटलं हात धुवायला गेले असतील. जाऊन बघते तर कुंडीला पाणी घालत होते. सकाळीच घातलेलं होतं, तरी.

दादा, थट्टा थट्टेच्या जागी ठीक आहे, पण मला ते आवडलं नाही. वहिनी त्याला पहिली बादली द्यायची. तू मला विचारायचं होतंस. विचारलं असतंस तर मी पैज जिंकायच्या मोहाने काय म्हणाले असते कोण जाणे, पण विचारायचं होतंस.

बाकी इकडे ठीक. नर्सचे गणवेश एकदाचे गेले, पण जाता जाता नाकी नऊ आणून गेले. दर वर्षी या दिवसांत आमची ती कुंडी पिवळी पूड झाडते. पान फुटायच्या आधी फांद्यांवर तपकिरी बोंडं येतात, त्यांना फूल म्हणायचं तर फुलाचा अपमान होईल, आणि जराशी झुळूक आली की त्यांतून धूर निघावा तशी पूड उडते. बाल्कनीत वाळत घातलेल्या दोन गणवेशांवर बसली. पुन्हा धुवावे लागले. मी फार चिडले. यांनी कुंडी उचलून आत घेतली आणि आता ती तुझ्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत आहे. तू आलास की तुला तिच्याशेजारी झोपावं लागेल, म्हणजे तुझं पाप तुझ्या उशाशी.

खोलीला नवे पडदे शिवले. निळे आहेत. समुद्र नाही तर नाही, निदान निळं काही तरी असावं म्हणून.

रागावले आहे, पण तो राग पोस्टाच्या डब्यात पडेपर्यंतच टिकणारा आहे. माया कर.

तुझी,
ठमी


२१ जून

चि. बहिणीस,
अनेक आशीर्वाद.

पैज तू जिंकलीस. सप्टेंबरापर्यंत थांबण्यात अर्थ नाही म्हणून आताच कळवतो.

या दिवसांत फांद्यांवर हिरवी बारीक फळं दिसायला हवीत. एकाही झुडपावर एकही नाही. पानं चांगली आहेत, कीड नाही. आधी वाटलं खत जास्त झालं. मग वाटलं उशीर होत असेल. शेवटी बांधापलीकडे किनाऱ्यावरच्या रोपांची सरकारी रोपवाटिका आहे, तिथल्या अधिकारी बाईंना एक फांदी नेऊन दाखवली.

त्यांनी विचारलं की रांगेत कधीच न फळणारं एखादं झुडूप होतं का. मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या की या जातीत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. नराला फळ येत नाही. वसंतात त्याचा पराग वाऱ्याने उडतो आणि बाकीच्यांवर पडतो, तेव्हा त्यांना फळ धरतं. एका रांगेला एक नर पुरतो, आणि तो वाऱ्याच्या तोंडाशी लावतात. पूर्वी किनाऱ्यावर दुसरे असतील, आता नाहीत. त्यांच्याकडेही या जातीची रोपं नव्हती. मुळं जमिनीत राहिली असती तर पुन्हा फुटला असता, असंही त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं की मुळं राहिली नाहीत. मी तिथल्या बाकावर थोडा वेळ बसलो, मग घरी आलो.

म्हणजे आजवर जी काही फळं आली, जेवढ्या बरण्या गेल्या, त्या सगळ्या त्याच्यामुळे. आणि मी त्याला बंबात घातलं.

मला फार वाईट वाटतं आहे. पैज हरलो म्हणून नाही. तिने एवढी वर्षं सांभाळलेली एक गोष्ट मी एका सकाळी काढून टाकली, आणि वर काम चांगलं झालं म्हणून खूश झालो.

ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात येईन. एक पेटी पुरेल. पलंग तिथे आहे म्हणालीस, तेव्हा इथला देऊन टाकतो. भांडी शेजारीण नेईल. घराला गिऱ्हाईक बघायला दलालाला सांगून ठेवलं आहे. तुम्हा दोघांना माझा त्रास होणार नाही अशा बेताने राहीन.

लोभ ठेवावा.

तुझा,
दादा


३ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. पैज जिंकल्यावर माणसाला आनंद होतो असं मी ऐकून होते.

मी ते पत्र दुकानात उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. त्यात एकही टोमणा नव्हता. माझ्या शिवणावर नाही, यांच्यावर नाही, बेकरीच्या धुराड्यावरही नाही. मला ठमीसुद्धा म्हणाला नाहीस. आणि शेवटी लिहिलंस की आम्हाला त्रास होणार नाही अशा बेताने राहीन. ते वाचून जेवढी घाबरले, तेवढी तू पायऱ्यांवरून पडलास तेव्हाही घाबरले नव्हते.

मी वर जाऊन ती खोली बघितली. निळे पडदे, धुतलेली फरशी, पलंगावर नवी चादर. आणि त्या पलंगावर बेताने बसलेला तू मला दिसलास. चहा दिला की पिणार, कप परत करणार, आणि बेकरीच्या धुराड्याकडे बघत राहणार. माझी काळजी मिटली असती, हे खरं. रोज सकाळी दार ढकललं की तू आहेस एवढं दिसलं असतं. पण ती काळजी माझी आहे. तिच्यासाठी तुला उपटून आणणं बरोबर नाही. असा दादा मला या घरात नको.

यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि अधिकारी बाईंचं बोलणं दोनदा वाचलं. मग वरच्या त्याच खोलीत गेले, कुंडी खाली आणली, दुकानातला मोठा काटा ओढून आणला आणि कुंडीचं वजन केलं. मला काही उमगेना. मी विचारलं की हे काय चाललं आहे. तर म्हणाले की बसच्या टपावर ठेवू देणार नाहीत, मांडीवर घ्यावी लागेल, आणि एवढं वजन मांडीवर झेपेल. मग म्हणाले की पानं झडल्यावर हलवलेलं बरं, नोव्हेंबरात नेऊ. दादा, हा माणूस एका दमात एवढं बोलला! मी शिवणयंत्राचा आधार घेतला.

तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. ती पिवळी पूड, ती बोंडं, एकही फळ नाही. जावयाच्याच मुळाचा कोंब, वहिनीने स्वतः लावलेला. तू ज्याला बंबात घातलंस तोच आमच्या घरात बसला आहे आणि आजवर माझे पांढरे कपडे खराब करतो आहे. मी त्याला कचऱ्यात टाकायला निघाले होते, तेव्हा तुझ्या अकलेला नावं ठेवायचा मला तरी काय अधिकार.

आता नीट वाच. पैज मी जिंकले आहे. हरलेल्याने जिंकलेल्याचं ऐकायचं, तोंड वाकडं न करता. माझा हुकूम असा, की तू तिथेच राहायचं. दलालाला उद्याच्या उद्या नाही म्हणून सांग. पलंग आणि भांडी परत आण. रोज सकाळी शेजारणीला खिडकीतून हात दाखवायचा, नाही दिसलास तर तिने मला फोन करायचा, मी तिच्याशी बोलले आहे. आठवड्याचं पत्र चालू. आणि नोव्हेंबरासाठी रांगेच्या तोंडाशी खड्डा खणून ठेव, जिथून काढलास तिथेच.

खोली मोडणार नाही. कधी आलास तर असू दे. यांचे काटे खालीच बरे दिसतात.

आणि पुढचं पत्र ठमी म्हणून लिही, नाही तर उघडणार नाही.

तुझी,
ठमी


१४ सप्टेंबर

श्री. जावईबापू यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या नावाने पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. ठमीला वाचायला देऊ नका असं म्हणणार होतो, पण ती पाकीट आधीच फोडेल. तेव्हा ठमे, वाच, पण मोठ्याने वाच.

गेल्या नोव्हेंबरात तुम्ही कुंडी मांडीवर घेऊन बसमधून उतरलात. तुमच्या कोटाला काटे अडकले होते आणि कंडक्टर अंग चोरून दाराशी उभा होता. तुम्ही खड्ड्यात उतरून स्वतः मुळं पसरलीत. तेव्हा मी तुम्हाला काही म्हणालो नाही. तुम्हीही नाही. आपल्या दोघांत तेवढी सवय आहे, पण मला बोलायचं होतं हे आज लिहून टाकतो.

झुडपाने जीव धरला. मार्चमध्ये त्याला ती तपकिरी बोंडं आली. मी रोज जाऊन बघत होतो. एका सकाळी वारा समुद्राकडून सुटला आणि पूड उडाली. थोडीशीच, जेमतेम दिसली. कोणी बघायला जमलं नव्हतं. मी मात्र खुर्ची टाकून बसलो होतो, आणि वारा पडेपर्यंत उठलो नाही.

जूनमध्ये फळ धरलं. झाड अजून नवं आहे, म्हणून जवळच्या झुडपांना जास्त आणि टोकाच्यांना तुरळक. तोडताना दोन्ही हात रक्तबंबाळ झाले. ठमीची वहिनी हे हातमोज्यांशिवाय कसं करायची कोण जाणे. जेली केली. रंग तिच्यासारखा साफ आलेला नाही, गढूळ आहे, आणि साखर कमी पडली असावी, कारण शेजारणीने चमचा तोंडात घातला आणि तिचे दोन्ही डोळे मिटले. या वेळी ती काही म्हणाली नाही. सोबत बरणी पाठवतो आहे. गळ्यापर्यंत भरलेली नाही, खांद्यापर्यंत आहे. पैज संपली आहे, तरी कपाटातली ती जागा मला रिकामी राहू द्यायची नव्हती.

एक गोष्ट मनात घोळत राहते. तिने सगळी झुडपं सोडून नेमका त्याचाच कोंब तुमच्या हातात का दिला? तिला ठाऊक होतं, की जावयाकडे जावई ही नुसती थट्टा होती? आणि ठाऊक असेल तर आयुष्यभर माझी थट्टा ऐकत गप्प का राहिली? मी पुष्कळ विचार केला. आता तिला विचारता येत नाही. मला तिची फार आठवण येते, सकाळी पाणी घालताना सगळ्यात जास्त.

पहिली बादली त्यालाच देतो.

इकडे हवा चांगली आहे. दुकानाचं काम ठमी सांभाळेल, तिला तुमची मदत नकोच असते. तुम्ही चार दिवस या. झुडूप अजून सावली देण्याएवढं वाढलेलं नाही, पण त्याच्याजवळ खुर्ची मावते. आता दोन टाकल्या आहेत. बोलायचं काही नाही. चहा मी करीन.

तुमचा,
मेहुणा